मागून निसटलेला खांदा

२१ एप्रिल, सोमवार

पडला नाही तो. पाण्यात कुणी पडत नाही, पाण्यात माणूस असतोच. पण हे अफिफाबाईंना कोण सांगणार? पोराला शिबिरात घातलंय आणि काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मलाच पोहायला शिकवतात.

झालं इतकंच — त्यांच्या अम्मारला खोल बाजूने वर काढताना माझा उजवा हात मध्येच गेला. गेला म्हणजे, होता पण नव्हता. खांद्यात काहीतरी मागे सरकलं आणि पोरगं हातातून सुटलं. डाव्या हाताने लगेच वर काढला. नाकात पाणी गेलं, खोकला, रडला, विषय संपला. सात वर्षांची पोरं उन्हाळी शिबिरात रोज नाकात पाणी घेतात. पण आईने सगळा क्लब गोळा केला. 'सोडला त्यांनी माझ्या मुलाला. मी बघितलंय.' बघितलंय! मोबाइलमधून डोकं वर काढलं असेल तर ना!

मग मॅनेजर भगवानच्या केबिनमध्ये वरात. तो म्हणतो, 'मॅडम, चूक कुणाची हा विषयच नाही. खांदा ठीक आहे असं लिहून आणा आणि मग पाण्यात उतरा. तोपर्यंत काठावरून शिकवा.'

काठावरून! माझं निम्मं आयुष्य त्या पाण्यात गेलं. क्लोरीनने केसांचा झाडू झाला. नेरूळच्या निम्म्या पोरांना पहिला श्वास सोडायला मी शिकवलंय. आणि ज्याला साधं तरंगता येत नाही तो भगवान मला पाण्यातून बाहेर काढणार. मला त्या माणसाचा इतका राग येतोय की जेवण गेलं नाही.

२२ एप्रिल

हात खांद्याच्या वर जात नाही. ब्लाउजचे हूक निशांतने लावले. लावताना हसला. नवऱ्याने हसायचं काय त्यात?

चेंजिंग रूममध्ये गिरजाबाई तेलाची बाटली घेऊन पुढे आली. 'मॅडम, चोलून देऊ का? माझ्या सासूचा हात असाच धरलेला, आता काय बी नाय.' मी म्हटलं, तुझ्या सासूची गोष्ट मला नको. तोंड पाडून फरशी पुसायला गेली. मग मलाच कसंतरी झालं. पण शब्द परत घ्यायची सवय नाही मला.

निशांत म्हणतो फिजिओकडे जा. त्याच्या ऑफिसात कुणाच्या तरी मानेला तिथे गुण आला म्हणे. ऐरोलीला एसीत दिवसभर खुर्च्या उबवणारी माणसं. त्यांच्या माना आणि माझा खांदा एक का?

२४ एप्रिल, गुरुवार

गेले एकदाची. भगवानला कागद हवा ना, आणते कागद.

फिजिओ म्हणजे कैनात मुकादम नावाची पोर. सव्विशी-सत्ताविशीची असेल. बोर्डावर नावामागे डिग्र्यांची ही लांब शेपटी. मला वाटलं रिसेप्शनवरची मुलगी आहे, म्हणून सांगितलं की मॅडमना बोलव. 'मीच,' म्हणाली. सुरुवातच अशी.

'कसं झालं?' तिने विचारलं.

'बटरफ्लाय मारताना निसटला,' मी सांगितलं.

हे खरं नाही. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. खरं म्हणजे होळीच्या आसपास एका सकाळी झोपेतून उठले तेव्हा हात पोटाशी घट्ट चिकटलेला. बाहेर वळेचना, तळवा वर होईना. गरम पाण्याखाली उभी राहिले, हात हळूहळू हलवत राहिले, तेव्हा आत काहीतरी गडगडून जागेवर बसलं. नंतर एक्स-रे काढला, त्यात सगळं ठीक. तेव्हापासून मधूनमधून सरकतो. पण ही काय कोचने सांगायची गोष्ट आहे? आमच्यात खांदा जातो तो फ्लायमध्ये जातो, नाहीतर वॉटरपोलोत. मला पोहायला शिकवणाऱ्या हौसेराव सरांचा नॅशनल्सच्या आधी गेला, ते आजही सांगतात आणि ऐकणारे मान डोलावतात. मी काय सांगू, उशीवर निसटला? त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना फ्लाय सांगितलंय. भगवानला, सरांना, त्या एक्स-रेवाल्यालाही.

तर या कैनातबाईंनी आधी डावा खांदा तपासला. दुखतोय उजवा, बघतेय डावा! मी तसं म्हटलंही. 'आधी चांगली बाजू बघायची, मॅडम. तुमच्या अंगाला नॉर्मल काय ते तिच्यावरून कळतं.' बरं बाई. दोन्ही हात खाली ओढून खांद्याच्या टोकाखाली खळगा पडतो का ते बघितलं. अंगठा मनगटाला टेकतो का. कोपर उलटं वाकतं का. सर्कशीत भरती चालू आहे का, म्हणून विचारणार होते.

मग आडवं झोपवलं. दगड फेकताना जातो तसा हात बाहेर काढून हळूहळू मागे वळवला. गंमत म्हणजे ही हाताकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

'काय बघतेस?'

'ज्यांचा खांदा पुढून निसटतो त्यांना या जागी भीती वाटते. दुखायच्या आधी चेहऱ्यावर दिसतं. तुम्हाला काहीच वाटलं नाही.'

'मला भीती वाटत नाही.'

'हो, ते दिसलं.' आणि वळून काहीतरी लिहायला लागली.

टोमणा होता की काय, अजून कळलेलं नाही. कागद मागितला तर म्हणते, अजून नाही, सोमवारी या. एक जाडसर रबरी पट्टा दिला आणि तीन व्यायाम. लहान मुलीला दोरीवरच्या उड्या सांगाव्यात तसे.

२५ एप्रिल

काठावरून ओरडून घसा बसला. पोरं ऐकत नाहीत. पाण्यात माझा हात पाठीखाली असला की ऐकतात.

२८ एप्रिल, सोमवार

इतका अपमान आयुष्यात कुणी केला नव्हता. नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

तिने मला बसवलं. एक हात माझ्या पाठीवर, खांद्याच्या मागे. दुसऱ्या हाताने माझं कोपर धरलं, हात समोर छातीच्या उंचीला आणला. कोपरातून मागे रेटत रेटत हात आडवा, डाव्या बाजूला न्यायला लागली. मध्येच आत 'खट्' झालं. तिलाही ऐकू गेलं. मला दरदरून घाम फुटला आणि मी तिचा हात झटकला.

'सॉरी मॅडम. हेच शोधत होते,' ती म्हणाली. आणि थोडी खूश दिसली! मला कळ आली आणि ही खूश.

मग खुर्ची ओढून समोर बसली आणि समजावून सांगायला लागली. खांदा म्हणजे उथळ वाटी आणि तिच्यावर टेकलेला गोळा. बहुतेकांचा गोळा पुढे घसरतो. माझा मागे घसरतो. साधा एक्स-रे समोरून काढतात, त्यात मागे गेलेला गोळा बरेचदा लक्षातच येत नाही, आणि माझा तर तोवर परत आत बसला होता. इथवर ठीक. मी म्हटलं, मागे तर मागे, लिही कागदावर आणि व्यायाम वाढव.

'पण फ्लाय मारताना हा असा जात नाही, मॅडम.'

मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघितलं.

'पोहणाऱ्यांचे खांदे ढिले होतात, पण मग दोन्ही होतात, आणि सगळीकडून होतात. तुमचा डावा पक्का आहे. उजवाही पुढून पक्का, खालून पक्का. फक्त मागची बाजू सैल झालीय. हे वर्षानुवर्षांचं नाही. एकदाच काहीतरी फार जोरात झालंय. नेमकं कसं झालं होतं?'

काय ते तोंड! पट्टी घेऊन उभ्या असलेल्या शाळेतल्या बाईंसारखं. पण माझ्या तोंडून निघून गेलं — झोपेतून उठले तेव्हा असा होता म्हणून. सांगितलं आणि लगेच पस्तावले. कारण तिने लिहिणंच थांबवलं.

'शॉक लागला होता का, विजेचा?'

'नाही.'

'गाडीवरून पडलात?'

'नाही.'

मग आवाज खाली आणून, 'घरी कुणी हात पिरगळला वगैरे? मला सांगू शकता.'

निशांतने! ज्याला झुरळ मारवत नाही, तो माझा हात पिरगळणार! मला हसूच आलं. ती हसली नाही.

'मग झोपेत फिट येते का तुम्हाला?'

असंच विचारलं. साखर घेता का चहात, तसं. म्हणे फिट आली की अंगातले सगळे स्नायू एकदम आवळतात, त्यात खांद्याला आत वळवणारे जास्त ताकदीचे, ते गोळ्याला मागे ढकलतात. म्हणे मागून निसटलेला खांदा दिसला आणि कारण सापडत नसलं की हे विचारावंच लागतं. सकाळी जीभ चावलेली असते का? अंग ठेचल्यासारखं दुखतं? अंथरूण ओलं झालं होतं कधी?

भरल्या दवाखान्यात. मध्ये नुसता पडदा. पलीकडे कुणाची तरी कंबर शेकत होते, त्यांनी पण ऐकलं असणार.

मी ओढणी घेतली आणि निघाले. मागून म्हणत होती, 'मॅडम, घरी विचारा. शेजारी झोपणाऱ्याला विचारा. आणि तोपर्यंत पाण्यात उतरू नका.'

२९ एप्रिल

फिट! मला!

आकडी येणारी माणसं मी पाहिली आहेत. आमच्या शाळेत एक मुलगी होती, प्रार्थनेच्या रांगेत धाडकन पडायची. मी कधी पडले? आयुष्यात चक्कर आली नाही. रक्तदान करून त्याच दिवशी पोहले आहे.

जीभ चावली होती, हो. दोनदा. उशीला रक्ताचा डाग होता. कुणाची जीभ चावली जात नाही? आणि अंथरुणाचं म्हणशील तर चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईचं असं एखाददा होतं, ते काय चौघांत विचारायचं असतं? मी त्या दिवशी चादर मुकाट्याने मशीनमध्ये टाकली होती. निशांतलाही कळू दिलं नाही.

लिहून झाल्यावर परत वाचलं. मला हे पान फाडावंसं वाटतंय. फाडत नाही. माझं काही चुकलेलं नाही.

आणि एक डोक्यात आलं. ही कैनात तळोज्याची. अफिफाबाईंचं माहेर तळोजा. दोघी एकाच गोतावळ्यातल्या असणार, ठरवून चाललंय हे. निशांतला म्हटलं तर चिडला. 'म्हणजे नेरूळमध्ये जितके कुलकर्णी आहेत ते सगळे आपले नातेवाईक? काहीतरीच बोलू नकोस.' तो असा कधी चिडत नाही. एवढं काय लागलं त्याला?

३० एप्रिल

विचारलं निशांतला. सरळच विचारलं. मला झोपेत काही होतं का? हातपाय झाडते का, तोंडाला फेस येतो का?

टीव्ही बघत होता. 'नाही,' म्हणाला.

'नीट सांग.'

'नाही म्हटलं ना.'

संपला विषय. वर्षानुवर्षं एका पलंगावर झोपतोय आम्ही. मी कूस बदलली तरी याची झोप मोडते आणि सकाळी तक्रार करतो. मला आकडी आली असती तर हा झोपून राहिला असता? आता बघतेच त्या डिग्रीवालीला.

२ मे, शुक्रवार

बघितलं. पण मजा आली नाही.

मी म्हटलं, नवऱ्याला विचारलं, तसं काही नाही. आता लिही कागद. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, 'चांगलं आहे. पण एकदा मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन या. त्यांनी नाही म्हटलं तर मी आनंदाने लिहीन. तोवर खांद्यावर काम करू आपण.'

'म्हणजे माझा नवरा खोटं बोलतो?'

'मी तसं म्हटलं नाही. ते पण झोपलेले असतात.'

मग मी जे बोलले ते बोलले. तुझं वय काय, तुला अनुभव काय, तू पाण्यात कधी पाय तरी बुडवला आहेस का. तुझ्यासारख्यांना माणूस दिसतच नाही, पुस्तकातलं पान दिसतं. पडद्यापलीकडचं शेकणं थांबलं होतं, सगळे ऐकत होते. ऐकू देत.

ती लाल झाली. पण आवाज चढवला नाही. 'मॅडम, खांद्यासाठी मी तुम्हाला कधीच थांबवलं नसतं. घट्ट होईल तो. पण पाण्यात असताना तुम्हाला काही झालं आणि तेव्हा हातात एखादं मूल असलं तर?'

मला तिच्या तोंडात मारावीशी वाटली. खरंच. माझ्या हातात मूल म्हणजे काय ते ती मला सांगणार? माझ्या हातून आजवर एक मूल—

एक सुटलं. पण ते खांद्यामुळे.

५ मे, सोमवार

शेवटी आपलीच माणसं कामी येतात. ऐरोलीला हौसेराव सरांकडे गेले. निवृत्त झाले तरी छाती अजून तशीच. मला बघून ओरडलेच, 'सुच्या, अगं वाळलीस किती!' सगळं सांगितलं. म्हणजे खांद्याचं सगळं. त्यांनी हात धरून चार वेळा फिरवला, दंडावर थाप मारली.

'फ्लायमध्येच गेला ना?'

'फ्लायमध्येच,' मी म्हटलं.

'मग काय तर! आपल्या सगळ्यांचा असाच. माझा बघ.' आणि स्वतःचा खांदा करकर वाजवून दाखवला. त्या फिजिओचं ऐकून इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, आजकाल पोरांना सर्दी झाली तरी मेंदूचा फोटो काढायला सांगतात. लगेच आपल्या अकॅडमीच्या लेटरहेडवर लिहून दिलं — खांदा तपासला, पाण्यात उतरण्यास योग्य. खाली सही, सही इतकी मोठी की शिक्का मारायला जागा उरली नाही.

येताना बसमध्ये तो कागद तीनदा उघडून बघितला. खूश होते. फिटचं सरांना सांगताना मी 'काहीही बडबडते ती' असं म्हणून सांगितलं, हे खरं. जीभ, चादर हे काही बोलले नाही. सर पुरुष माणूस, त्यांना काय सांगायचं ते?

८ मे

ही गोष्ट कुणालाही कळता कामा नये — त्या पट्ट्याच्या व्यायामांनी फरक पडतोय. दाराच्या कडीला पट्टा अडकवून रोज करते, निशांत आंघोळीला गेला की. खांदा मागे ढकलला जात नाही आता. काल वरच्या फळीवरचा कुकर उजव्या हाताने काढला.

तिला एवढं येतं, हे मी इथे लिहून ठेवते. तिच्यासमोर मरेन पण बोलणार नाही.

१० मे, शनिवार

भयंकर झोप लागली होती. उठले तेव्हा ऊन पार आतपर्यंत आलेलं. डोकं जड, अंग मोडून आलेलं. निशांतने चहा करून ठेवला होता आणि पलंगाच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होता. दाढी नाही, आंघोळ नाही.

'काय बघतोस?'

'काही नाही. बरं वाटतंय का?'

'मला काय झालंय?'

चहा जिभेला झोंबला. साखरही कमी. तसं म्हटलं तर गुपचूप उठून साखर घेऊन आला. मग म्हणतो, सोमवारी पाण्यात नको उतरूस ना, अजून आठवडाभर थांब. का? तर म्हणे, असंच. दुसऱ्या कुणाला तरी एकदा दाखवून घेऊ.

माझा भडका उडाला. म्हटलं, तुला हवंच आहे ना मी घरात बसलेली? एवढी वर्षं माझ्या ओल्या कपड्यांचा, केसांच्या वासाचा तुला वैताग येतोय, आता बरी संधी मिळाली. त्या पोरीची बाजू घेतोस? बरंच बोलले. त्याच्या आईवरही गेले. तो उठला. कप विसळायला गेला आणि तिकडेच नळ चालू ठेवून उभा राहिला.

भांडताही येत नाही या माणसाला.

१२ मे, सोमवार

आले पाण्यात! सगळ्यांच्या नाकावर टिच्चून.

भगवानने लेटरहेड उलटसुलट करून बघितलं. 'हे डॉक्टर आहेत का?' म्हणाला. मी म्हटलं, तुझा जन्म व्हायच्या आधी महाराष्ट्राकडून पोहलेले आहेत, अजून काय हवं? ठेवला गपचूप.

पाण्यात पाय घातला. तेच ते निळं, थंड, माझं पाणी. गिरजाबाई दारातून म्हणाली, 'आल्या का मॅडम? तुमच्याबिगर लय शांत होतं.' टोमणाच असेल, पण आज मला तोही गोड लागला.

अफिफाबाई होत्या काठावर. तोंड वाकडं करून. पण अम्मार दुसऱ्या कोचकडे जायला तयार नव्हता, रडून गोंधळ घातला म्हणे त्याने. मी त्यांच्या समोर त्याला मुद्दाम खोल बाजूला नेलं. एकदम खोल, जिथे माझेही पाय टेकत नाहीत. गळ्याभोवती दोन्ही हात टाकून माकडासारखा चिकटला होता. 'मॅडम, सोडणार नाही ना?' 'सोडायला तू काय साबण आहेस?' हसला. मग पाठीवर तरंगला, एकटा, माझी दोन बोटं फक्त मानेखाली. आई खुर्चीतून उठून उभी राहिली होती. राहू दे उभी. बघ म्हटलं, नीट बघ.

खांदा एकदाही सरकला नाही.

कैनात मुकादमला एक फोटो पाठवणार होते तिथूनच. नंबर नव्हता, म्हणून वाचली.

घरी येऊन निशांतला सगळं सांगितलं, हातवारे करून. खोल बाजू, अम्मार, आईचं तोंड. मला वाटलं हसेल. त्याने ताटातला भात तसाच ठेवला आणि विचारलं, 'एकदम खोल?' हो म्हटलं. हात धुवायला उठला. या माणसाला माझा आनंद बघवत नाही, दुसरं काय?

१३ मे, मंगळवार

ऑफिसला म्हणून लवकर निघालेला निशांत माझ्या आधी क्लबमध्ये पोचला होता. मी केबिनमध्ये गेले तर भगवानसमोर बसलेला. त्याचं सगळं सांगून झालं होतं. भगवान माझ्याकडे न बघता उठून बाहेर गेला, दार ओढून घेतलं.

'तीनदा झालंय,' निशांत म्हणाला. 'फेब्रुवारीत, होळीच्या वेळी आणि परवा शनिवारी. पहाटे. पहिल्या दोन वेळेला कांदा फोडून नाकाला लावला, तू परत झोपलीस. उठल्यावर तुला काही आठवत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हाही नाही. पाण्याशिवाय तू जगणार कशी ते कळेना. आणि तुला काही सांगायचं म्हणजे तुझं बोलणं ऐकायचं, त्याला मी भ्यायलो.'

मी तोंड उघडलं.

'शनिवारी तुझा श्वास थांबला होता. ओठ काळेनिळे. मी तुला मेलेली बघितलीय, सुचिता. आता काय ओरडायचं ते ओरड.'

मी भगवानच्या खुर्चीत बसले. काल याच वेळी अम्मार खोल पाण्यात माझ्या गळ्यात होता.